पाय ठेवायला जागा : नेटवर्कवरून लिनक्स आणि मेमरीचा हिशोब

रेड हॅटच्या आरएचईएल 8 च्या (2019) इन्स्टॉलेशन गाइडमध्ये एक छोटंसं कोष्टक आहे. डीव्हीडी किंवा यूएसबीवरून इन्स्टॉल करायचं असेल तर कमीत कमी 1.5 जीबी रॅम लागते. नेटवर्कवरून, पण एनएफएसने करायचं असेल तरी तेवढीच. आणि एचटीटीपी किंवा एफटीपीने करायचं असेल तर मात्र 3 जीबी. (आकडे आपल्या नेहमीच्या 64-बिट इंटेल/एएमडी मशीनचे.) शेवटी डिस्कवर जे बसणार ते तिन्ही वेळा अगदी तेच. मग दुप्पट मेमरी कशाला? वायरीतून येताना पॅकेजं काय पाण्यात भिजल्यासारखी फुगतात?

ऑफिसमधल्या एका नव्या मुलीने मला हा प्रश्न विचारला. उत्तर दोन वाक्यांत देता येतं आणि मी ते दिलंही. पण त्यामागची गोष्ट तीस वर्षांची आहे, ती काही दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून हा शनिवार तिच्यासाठी.

मुळात एक लक्षात घ्या. लिनक्स बसवणारा प्रोग्राम स्वतः लिनक्सवरच चालतो. म्हणजे तुमच्या डिस्कवर लिनक्स यायच्या आधी मशीनमध्ये एक छोटं, तात्पुरतं लिनक्स चालू असावं लागतं. बांधकामाच्या जागी आधी पत्र्याची शेड उभारतात ना, गवंड्यांना राहायला आणि सिमेंटची पोती ठेवायला, तसं. आता ही शेड उभारायची कुठे? प्लॉटवर उभारता येत नाही, कारण तिथेच पाया खणायचाय. डिस्कचं अजून पार्टिशन व्हायचंय, फॉरमॅट व्हायचंय, तिच्यावर काहीच ठेवता येत नाही. सीडी असेल तर सोपं आहे, शेड सीडीवरच असते. लागेल तो तुकडा कर्नल सीडीवरून वाचतो, आणि मेमरी कमी पडली की तो तुकडा बिनधास्त टाकून देतो. पुन्हा लागला तर सीडी आहेच. पण सीडीही नसेल आणि डिस्कही कोरी असेल, तर मशीनमध्ये जागा एकच उरते. रॅम. अख्खी शेड रॅममध्ये, आणि काम संपेपर्यंत ती तिथून हलत नाही.

नेटवर्कवरून इन्स्टॉल करताना मेमरी का कमी पडते याचं उत्तर एवढंच. पण या ‘एवढंच’शी लोकांनी ज्या तऱ्हेने झुंज घेतली ती फार मजेची आहे.

सुरुवातीपासून पाहू. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये ज्या 386 वर लिनक्स लिहिलं त्यात 4 एमबी रॅम होती. त्याच वर्षाच्या शेवटी जर्मनीतल्या एकाने कळवलं की त्याच्याकडे 2 एमबीच आहे आणि तेवढ्यात कर्नल कंपाइल होत नाही. लिनसने नाताळच्या सुट्टीत बसून मेमरीतली पानं डिस्कवर ढकलायची सोय लिहिली आणि जानेवारी 1992 मध्ये 0.12 या आवृत्तीत ती सगळ्यांना दिली. आपण ज्याला स्वॅप म्हणतो ते लिनक्समध्ये आलं ते असं, एका कमी रॅमवाल्या माणसाच्या तक्रारीमुळे. कधी कधी वाटतं, त्या माणसाकडे चार एमबी असते तर काय झालं असतं? (काही नाही, दोन महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी तक्रार केली असती!)

पण स्वॅप डिस्कवर असतो. आणि इन्स्टॉल करताना डिस्क कोरी. इथून खरा पेच सुरू होतो.

1993 मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंगने स्लॅकवेअर काढलं. तेव्हा नेटवर्क वगैरे लांबच, सगळा कारभार 1.44 एमबीच्या फ्लॉप्यांवर. एक बूट फ्लॉपी, तिच्यावर कर्नल. दुसरी रूट फ्लॉपी, तिच्यावर ती आपली पत्र्याची शेड. ही रूट फ्लॉपी उचलून पूर्ण रॅममध्ये ठेवली जायची, त्याला रॅमडिस्क म्हणतात. का? कारण फ्लॉपी ड्राइव्ह एकच! पॅकेजांच्या फ्लॉप्या एकामागून एक त्याच ड्राइव्हमध्ये घालायच्यात, तर शेडची फ्लॉपी तिथे अडकवून ठेवून कसं चालेल? नीट पाहिलंत तर नेटवर्क इन्स्टॉलचं दुखणं हेच आहे. पाय ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून रॅममध्ये ठेवायचं.

मग 4 एमबीवाल्यांनी काय करायचं? स्लॅकवेअर बूट झालं की पडद्यावर एक सूचना यायची. तिचा मथितार्थ असा : मेमरी कमी असेल (पुढच्या आवृत्त्यांत ‘8 एमबी किंवा त्याहून कमी’ असं म्हटलेलं असे) तर सेटअप सुरू करायच्या आधी हाताने एफडिस्क चालवा, स्वॅपचं पार्टिशन करा, एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन, आणि मगच सेटअप. म्हणजे शेड बांधायच्या आधी प्लॉटच्या कोपऱ्यात एक खड्डा खणून घ्यायचा आणि अर्धं सामान त्यात टाकायचं. मला ही युक्ती अजूनही आवडते. यात एक मेख मात्र होती. रॅमडिस्क स्वतः स्वॅपमध्ये जात नाही. चालू प्रोग्रामांची मेमरी ढकलता येते, शेड जिथल्या तिथेच. म्हणजे शेडचा आकार हा कायमचा दंड, तो कमी करायचा तर शेडच लहान करायची.

तसं करणारा माणूस म्हणजे ब्रूस पेरेन्स. डेबियनची रेस्क्यू आणि इन्स्टॉल डिस्क एकाच फ्लॉपीवर मावावी म्हणून त्याने 1995-96 मध्ये बिझीबॉक्स लिहिलं. एलएस, सीपी, माउंट, कॅट असे सगळे वेगवेगळे प्रोग्राम ठेवण्याऐवजी एकच प्रोग्राम, ज्या नावाने हाक माराल ते काम करणारा. आज हेच बिझीबॉक्स जगभरच्या राउटरांमध्ये आणि कंटेनरांमध्ये बसलंय. जन्म मात्र एका फ्लॉपीच्या टंचाईतला.

1996 मध्ये कर्नलमध्ये (1.3.73 मध्ये) व्हेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी इनिटआरडी आणलं. बूटलोडरने कर्नलबरोबरच एक गुंडाळलेली डिस्क-इमेज रॅममध्ये आणून ठेवायची, कर्नलने ती उलगडायची आणि तिच्यातून सुरुवात करायची. सोय उत्तम, पण मेमरीच्या नजरेने पाहिलंत तर उधळपट्टीच. उलगडताना गुंडाळलेली प्रत आणि उलगडलेली प्रत दोन्ही एकदम रॅममध्ये हव्यात. वर रॅमडिस्क हे डिस्कचं सोंग, त्यामुळे कर्नल तिच्याशी डिस्कसारखाच वागायचा. फाइल वाचायची झाली की ‘डिस्क’वरून पेज कॅशमध्ये कॉपी. एकच फाइल, एकाच रॅममध्ये, दोनदा! 4 आणि 8 एमबीच्या मशीनवर हे असं. 2.6 कर्नलच्या वेळी (2003) इनिटरॅमएफएस आलं तेव्हा हे सोंग संपलं. तिथे फाइली थेट पेज कॅशमध्येच राहतात, दुसरी प्रत नाही.

आता वायरीकडे वळू. नेटवर्कवरून बूट होणं ही लिनक्सपेक्षा जुनी कला. बूटपी हा प्रोटोकॉल 1985 चा, टीएफटीपीचा मसुदा 1981 चा. सन कंपनीच्या डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनांवर तर रूट फाइलसिस्टिम नेटवर्कवर आणि स्वॅपही नेटवर्कवर. इंटेलने 1990 च्या दशकाच्या शेवटी पीएक्सई ठरवून दिलं आणि साध्या पीसीच्या नेटवर्क कार्डालाही ही कला आली. तिथेही पहिलं पाऊल पडायचं ते जुन्या 640 केबीतच. आणि टीएफटीपी 512 बाइटांचा एकेक तुकडा मोजून पाठवतो, मोजायला 16 बिटांचा आकडा, म्हणजे गुणाकार केला की 32 एमबी. नियमाप्रमाणे वागलं तर त्याहून मोठी फाइल जातच नाही. 1981 मध्ये 32 एमबीची बूट-फाइल कुणाच्या स्वप्नात होती! पुढे 1995 मध्ये तुकड्याचा आकार वाढवायची सोय रीतसर झाली.

आपल्याकडे तेव्हा ‘नेटवर्कवरून’ याचा अर्थ फक्त लॅन. घरच्या डायल-अपवर इन्स्टॉल करायचं म्हणजे फोनचं बिल पाहून वडिलांनी मोडेम खिडकीबाहेर फेकला असता. लिनक्स पोचलं ते मासिकांच्या सीड्यांवरून. पीसीक्वेस्टने 1996 पासून, अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने, लिनक्सच्या सीड्या वाटल्या आणि माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची पहिली ओळख तिथली. पण कॉलेजच्या लॅबमध्ये गोष्ट वेगळी होती. तिथल्या जुन्या पेंटियममध्ये सीडी ड्राइव्हच नसायचा (चोरीला जातो म्हणून काढलेला, किंवा मुळातच न घेतलेला), आणि लॅन मात्र असायचं.

आता रेड हॅट. सगळ्यात रसाळ भाग हा.

1999 मध्ये रेड हॅट 6.1 बरोबर अॅनाकोंडा नावाचा इन्स्टॉलर आला. पायथनमध्ये लिहिलेला, खिडक्या, चित्रं, माउस सगळं असलेला. नाव अजगराचं आणि भूकही अजगराची. एवढं सगळं फ्लॉपीवर मावणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचे दोन टप्पे केले. पहिला टप्पा फ्लॉपीवरचा, छोटा, सी भाषेतला. त्याचं काम एकच : नेटवर्क कार्ड ओळखायचं, पत्ता मिळवायचा, आणि दुसरा टप्पा कुठून आणायचा ते विचारायचं. दुसरा टप्पा म्हणजे पायथन, लायब्रऱ्या, खुद्द इन्स्टॉलर अशी भली मोठी इमेज.

इथे एनएफएस आणि एचटीटीपी यांच्या वाटा फुटतात. एनएफएस ही फाइलसिस्टिम आहे. सर्व्हरवरची इमेज तुमच्या मशीनवर माउंट करता येते, लूप डिव्हाइसने त्या फाइलच्या आत शिरता येतं, आणि मग सीडीसारखंच सगळं. लागेल तो तुकडा वायरीवरून या, नको झाला की टाकून द्या, पुन्हा लागला तर पुन्हा मागा. रॅममध्ये फक्त चालू कामापुरतं. शेड पलीकडच्या प्लॉटवर, मधे फाटक उघडं. एचटीटीपी आणि एफटीपी म्हणजे कुरियर. फाइल आणून दारात ठेवणार आणि जाणार. ती ठेवायला दाराच्या आत जागा तुमची हवी. म्हणून पहिला टप्पा अख्खी इमेज उतरवून घेऊन रॅममध्ये ठेवायचा आणि तिथूनच चालवायचा. आणि तेवढ्यावर भागत नसे. पॅकेजं एकमेकांवर अवलंबून असतात, तो गुंता सोडवायला सगळ्या पॅकेजांची माहिती असलेली एक यादीही मेमरीत घ्यावी लागायची. तुम्ही चारच पॅकेजं निवडलीत तरी यादी अख्खी.

आमच्या लॅबमध्ये 32 एमबीची डझनभर मशीनं होती आणि लॅबच्या वहीत पद्धत लिहिलेली होती ती एचटीटीपीची. (डिस्ट्रो कुठलं ते जाऊ द्या.) फ्लॉपी घालायची, इमेज उतरते आहे हे दाखवणारी पट्टी पुढे सरकताना बघायची, पट्टी भरली की पडदा गोठायचा. ना एरर, ना काही. दोन मशीनं बिघडली असं ठरवून बाजूलाही ठेवली होती. मग दुसऱ्या विभागातले एक सर आले, दोन मिनिटं पट्टीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, सगळं पोटात घालायला लावतोयस त्याला. एनएफएस लाव.’’ सर्व्हरवर एक्सपोर्टची एक ओळ लिहिली, आणि तीच ‘बिघडलेली’ मशीनं संध्याकाळपर्यंत चालू. तेव्हा मला लूप डिव्हाइस वगैरे काही कळत नव्हतं, पण ‘पोटात घालायला लावतोयस’ हे डोक्यात पक्कं बसलं.

फेडोराच्या काळात यावर एक उतारा निघाला. कमी रॅमच्या मशीनसाठी दुसऱ्या टप्प्याची एक वेगळी छाटलेली इमेज, मिनस्टेज-2 म्हणू या, तिच्यात चित्रं-बित्रं काही नाही, नुसता टेक्स्ट. रॅम मोजायची, कमी निघाली की हीच इमेज आणायची. कल्पना शहाणपणाची. पण हळूहळू टेक्स्टवाल्यांना दुय्यम वागणूक मिळायला लागली. आरएचईएल 6 मध्ये (2010) तर टेक्स्ट पद्धतीत आपल्या मर्जीने पार्टिशन करायची सोयच ठेवली नाही. त्या काळी कित्येकांनी व्हर्च्युअल मशीनला 512 एमबी दिले आणि आपल्याला पार्टिशन का करू देत नाही म्हणून डोकं खाजवत बसले. रॅम वाढवा, पार्टिशनचा पडदा येईल, असं उत्तर मिळालं की माणूस चक्रावणारच. डिस्कच्या प्रश्नाचं उत्तर रॅममध्ये कसं असेल?

मे 2011 च्या फेडोरा 15 मध्ये तर दोन टप्पे एकत्रच करून टाकले. सगळा इन्स्टॉलर इनिटआरडीमध्ये. कोड सुटसुटीत झाला हे खरं, पण परिणाम असा की आता डीव्हीडीवरून केलं तरी शेड रॅममध्येच! जिथे पाय ठेवायला जागा होती तिथेही ती वापरायची नाही. माझ्या मते हा निर्णय चुकलाच, आणि वर्षभरात फेडोरा 17 मध्ये टप्पे पुन्हा वेगळे झाले. आरएचईएल 7 आणि 8 ची रचना तिथूनच आली. मोठी स्क्वॉशएफएस इमेज वेगळी. डीव्हीडी किंवा एनएफएस असेल तर जागच्या जागी माउंट, एचटीटीपी असेल तर अख्खी रॅममध्ये. वरच्या कोष्टकातले दीड आणि तीन जीबी ते हे.

रॅम कमी पडली की इथे जो संदेश येतो तो मला फार क्रूर वाटतो. कर्ल म्हणतो, लिहिता आलं नाही. मग येतं, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. शेवटी, रूट डिव्हाइस सापडत नाही. हे वाचून माणूस काय तपासेल? डिस्क! केबल हलवून बघेल, रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर शोधेल. रॅमचं नावसुद्धा कुठे नाही. खरं तर संदेश खोटा नाही, ते ‘डिव्हाइस’ म्हणजे रॅममधली तात्पुरती फाइलसिस्टिम. पण हे कळायला वरची सगळी गोष्ट माहीत पाहिजे.

डेबियनवाल्यांची वाट वेगळी. 2002 च्या वुडीला 12 एमबी रॅम पुरायची. 2005 च्या सार्जपासून जो नवा इन्स्टॉलर आला तो लहान लहान तुकड्यांचा, लागेल तो तुकडा नेटवर्कवरून आणायचा. आणि त्यात ‘लोमेम’ नावाचा एक भाग आहे. इन्स्टॉलर सुरू होताच तो सगळ्यात आधी रॅम मोजतो आणि कमी असेल तर सामान कमी करायला लागतो. टप्प्याटप्प्याने, विचार करून. अजून कमी असेल तर अत्यावश्यक तुकडे सोडून बाकी काही आणत नाही, हवं ते तुम्हीच निवडा म्हणतो, आणि स्वॅप शक्य तितक्या लवकर चालू करतो. स्लॅकवेअरची ती हातानं करायची युक्ती, इथे आपोआप.

पण लोमेम सगळ्यात पहिल्यांदा काय फेकतो माहितीये? भाषांतरं. मॅन्युअलमध्ये स्वच्छ सांगितलंय की मेमरी वाचवायचा पहिला उपाय हाच, इन्स्टॉलेशन फक्त इंग्रजीत होईल, नंतर सिस्टिम तुमच्या भाषेत करून घ्या.

अभियंता म्हणून मला हे पूर्ण पटतं. भाषांतरं जागा खातात आणि त्यांच्याशिवाय इन्स्टॉल होऊ शकतं. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर फेकून कसं चालेल? तरीही हे वाचताना मी थोडा थांबलो. कारण फेब्रुवारी 2009 मध्ये डेबियन 5, लेनी, आलं तेव्हा इन्स्टॉलर 63 भाषांत होता आणि नव्याने आलेल्या पाच भाषांमध्ये एक मराठी होती. त्या 63 पैकी 13 भाषा मात्र फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्येच मिळायच्या. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ, मल्याळम, नेपाळी, पंजाबी, थाई वगैरे. टेक्स्टचा पडदा म्हणजे चौकटींची वही, एका चौकटीत एक अक्षर. ‘कि’ची वेलांटी आधी काढायची, ‘र्य’चा रफार डोक्यावर चढवायचा, ‘क्ष’ जोडायचा, हे त्या चौकटींत बसत नाही. त्याला चित्र काढणारा इन्स्टॉलर लागतो, त्याला फाँट आणि अक्षरं जुळवणाऱ्या लायब्रऱ्या लागतात, आणि हे सगळं नेटवर्कवरून आलं की कुठे बसतं? रॅममध्ये.

म्हणजे उतरंड अशी. रॅम भरपूर असेल तर मराठी. थोडी कमी असेल तर ग्राफिकल इन्स्टॉलर आपोआप टेक्स्टवर येतो. तिथे जर्मन आहे, फ्रेंच आहे, चिनी-जपानीही आहे, मराठी नाही. अजून कमी असेल तर सगळ्यांनाच इंग्रजी. तळाशी सगळे समान, पण त्या मधल्या पायरीवर आपण आधी गळतो. यात कुणाचा आकस नाही, लिपीचा आणि मेमरीचा हिशोब आहे. पण ज्या शाळेत किंवा घरात कुणाचं तरी टाकून दिलेलं जुनं मशीन येतं, मराठीतून सूचना हव्यात त्या तिथेच, आणि रॅम कमी असते तीही तिथेच. ज्यांनी ती भाषांतरं रात्री जागून केली असतील त्यांचं काम नव्या, महागड्या मशीनवर दिसत राहिलं. ती मशीनं घेणाऱ्यांचं इंग्रजीवाचून सहसा अडत नाही.

आता ते जुने पेंटियमही हिशोबात राहिले नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं, त्यात 32-बिट आय-386 साठी इन्स्टॉलरच नाही. त्या आधीच्या डेबियन 12 मध्ये (2023) आहे. तिथे डेस्कटॉपशिवाय बसवायला मॅन्युअल 256 एमबी सांगतं, आणि रॅम कमी पडली की लोमेम अजूनही जागा होतो आणि सगळ्यात आधी भाषांतरं उतरवून ठेवतो.